बाबांसाठी सीडी प्लेअर

माझ्या पहिल्या नोकरीत शेजारच्या खुर्चीवर एक सहकारी बसायचा. त्याला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण गाणं ज्यातून वाजतं त्या यंत्रांतलं सगळं कळायचं. आमचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं होतं. प्रोग्राम चालायला लागला की पाच-दहा मिनिटं हात मोकळे असत, आणि तेवढ्यात तो मला सीडी प्लेअरबद्दल सांगायचा. साध्या प्लेअरवर चांगली सीडी लावणं म्हणजे बासुंदीत पाणी घालून पिण्यासारखं आहे, असं त्याचं मत होतं. त्यानं स्वतः एक महागडा प्लेअर घेतला होता आणि त्याला तो कुणालाही हात लावू देत नसे.

त्याचं ऐकून ऐकून माझ्या मनानं घेतलं की बाबांना तसला प्लेअर घेऊन द्यायचा.

बाबा चंद्रपूरकडचे. तरुणपणी कामासाठी पुण्याला आले, पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मोठमोठ्या प्रेस जिथं असत, त्या विभागात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आम्ही खडकीला दोन खोल्यांत राहायचो. संध्याकाळी ते लोकलनं परत यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि कॅसेट लावायचे. भजनं, नाट्यपदं, कधी एखादा राग. आवाज भरपूर मोठा. शेजारी काही म्हणत नसत, कारण तेही कारखान्यातलेच आणि त्यांच्या घरातला टीव्हीही तेवढाच मोठा. गाणं सुरू असताना बाबांशी बोललेलं चालत नसे. आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसायचे. मला गाण्याची जी काही गोडी लागली ती तिथं लागली.

पुढं बाहेरचा माल सहज येऊ लागला, कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या, आणि बाबांच्या विभागातल्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्षभरात मला नोकरी लागली. बाबांच्या बरोबरीच्या लोकांच्या मुलांनाही अशाच नोकऱ्या लागत होत्या. खडकीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा वडील घरी आणि मुलं कंपनीच्या बसमध्ये असं घरोघरी दिसायचं. कोणी त्यावर फार बोलत नसे. आम्ही वारज्याला नवीन बांधलेल्या एका इमारतीत फ्लॅट घेतला आणि तिकडं राहायला गेलो.

वारज्याला आल्यावर बाबा गप्प झाले. सोसायटीच्या मीटिंगला जात नसत. फोन वाजला की बाथरूमला जायचे, म्हणजे आईला उचलावा लागे. काही विचारलं तर "हो, हो" म्हणायचे आणि विषय तिथंच संपायचा. गावाकडचं कोणी आलं तरी दोन वाक्यांवर बोलणं नाही. काम गेल्याचं दुःख आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्या कारखान्यातल्या आणखी काहींचं असंच झालं होतं. एक जण तर दिवसभर गॅलरीत उभा राहायचा. त्यामुळे मला वेगळा विचार करायचं कारणच पडलं नाही. संध्याकाळी कॅसेट मात्र अजून लागायच्या. त्याच त्या, जुन्या, टेप ताणून ताणून सूर उतरलेल्या. मला वाटलं, यांना नवीन काहीतरी ऐकायला दिलं तर मन जरा उघडेल.

सहकाऱ्यानं मला डेक्कनजवळच्या एका दुकानाचा पत्ता दिला. दुकान एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. आत एक खोली खास ऐकण्यासाठी केलेली. खाली गालिचा, भिंतींना जाड कापड, दार लावलं की बाहेरची वाहनं एकदम नाहीशी होत. बाबांनी दारात चपला काढल्या. दुकानाचे मालक साठीच्या आसपासचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं.

"काय दाखवू?" त्यांनी विचारलं.

मी त्या महागड्या प्लेअरचं नाव सांगितलं.

"कोण ऐकणार आहे?"

"माझे वडील."

"मग त्यांनाच ठरवू द्या. माझ्याकडे याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त असा एक आहे. दोन्ही वाजवून दाखवतो. ॲम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच. फक्त प्लेअर बदलायचा. मी कोणता वाजवतोय ते सांगणार नाही. ज्याला फरक ऐकू येत नाही त्यानं फरकाचे पैसे देऊ नयेत, असं माझं मत आहे. आमच्या धंद्यात ते फारसं कुणाला आवडत नाही."

त्यांनी एकाच सीडीच्या दोन प्रती दोन्ही प्लेअरमध्ये घातल्या. आधी एका गायकाचा मोठा ख्याल लावला. मध्येच बटण दाबून प्लेअर बदलला, पुन्हा बदलला. मला एकदा वाटलं की दुसऱ्यात तंबोरे जास्त मोकळे आहेत, पण ते मला ऐकू आलं की सहकाऱ्यानं माझ्या डोक्यात घातलं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही.

"आपल्याला काय जाणवलं?" मालकांनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रश्न पुन्हा सांगितला.

"सारखंच आहे," बाबा म्हणाले. "स्वस्तातला घेऊन टाक, बेटा."

मला वाटलं, माझा खर्च वाचवतायत. मी मालकांना म्हटलं, अजून एक काहीतरी लावा, ज्यात बारीक आवाज असतील. त्यांनी जरा विचार केला आणि एक भजनांची सीडी काढली. त्या भजनाच्या सुरुवातीला नुसत्या मंजिऱ्या होत्या, छोट्या टाळांसारख्या किणकिणणाऱ्या. लांबून कोणीतरी वाजवत येतंय अशा, आधी अगदी बारीक आणि मग हळूहळू जवळ येणाऱ्या. फार सुंदर ध्वनिमुद्रण होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा स्पीकरकडे बघत बसले होते, हात मांडीवर, बस येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे. मंजिऱ्या चांगल्या जवळ आल्या, खोलीभर झाल्या, आणि ते मालकांकडे वळून सौजन्यानं म्हणाले, "हं, लावा आता."

खोलीत आम्ही तिघंच होतो. मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी बटण दाबून सीडी थांबवली आणि म्हणाले, "हो, माफ करा, वायर जरा सैल होती. लावतो." त्यांनी मंजिऱ्या सोडून, जिथं गायकाचा आवाज येतो तिथून ती पुन्हा लावली. बाबांची मान लगेच हलायला लागली.

निघताना बाबा जिन्यापाशी चपला घालत होते. मी पैसे द्यायला गेले तर मालकांनी हात मागे घेतला.

"आज काही घेऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी त्यांचे कान दाखवून घ्या. प्लेअर कुठं पळून जात नाही."

स्कूटरवर बाबा माझ्या मागं बसले होते. वाटेत ते म्हणाले, "माणूस चांगला होता." मी मान हलवली.

घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती कणीक मळत होती. मी घडलेलं सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"खडकीला होतो तेव्हापासून. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, घड्याळाचा गजर. मग बायकांचं बोलणं. आता माझं बोलणं त्यांना ओठांवरून कळतं. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ फिरवून काही बोलत नाही."

"मला सांगायचं नाही?"

"त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, पोरगी म्हणेल बाप म्हातारा झाला. आणि एकदा कानात यंत्र दिसलं की कोणी माझ्याशी नीट बोलणार नाही, माझ्या डोक्यावरून बोलतील. कारखान्यात त्यांच्या ओळखीच्या एकाचं तसं झालं होतं."

म्हणजे फोन का उचलत नाहीत, मीटिंगला का जात नाहीत, पाहुण्यांशी का बोलत नाहीत, हे सगळं एका दुपारी उलगडलं. ते दुःखी नव्हते असं नाही. पण आम्ही ज्या दुःखाची काळजी घेत होतो ते वेगळंच होतं.

रविवारी मी बाबांना खडकवासल्याला घेऊन गेले. धरणाच्या कडेला कट्ट्यावर आम्ही बसलो. भाजलेली कणसं घेतली. मी मुद्दाम त्यांच्या समोर, तोंड दिसेल अशी बसले आणि दुकानातली गोष्ट काढली. मंजिऱ्यांचं सांगितलं. वारा होता, म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि आजूबाजूची माणसं वळून बघत होती.

बाबा कणसाचे दाणे काढत राहिले. मग म्हणाले, "वाजत होत्या का?"

"हो."

"चांगल्या होत्या?"

"फार चांगल्या होत्या, बाबा."

ते पाण्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "मग संध्याकाळी तुम्ही कॅसेट लावता, त्यात काय ऐकू येतं?"

"त्या मला पाठ आहेत," ते म्हणाले. "पेटी कुठं येते, टाळ कुठं येतो, सगळं ठाऊक आहे. थोडं कानानं येते, बाकीचं मी आठवून राहिलो असतो. नवीन गाणं लावलं की काही समजत नाही, कारण आठवायला काहीच नसते. म्हणून मी नवीन आणत नाही."

"मग दुकानात कशाला आलात?"

"तू एवढ्या हौसेनं चालली होतीस. काहून नाही म्हणू?"

त्यांनी आपल्या कणसाचा राहिलेला अर्धा भाग माझ्या हातात दिला आणि रुमालानं हात पुसले. मग आपण होऊनच म्हणाले, "ठीक आहे. दाखवू कान."

तपासणीच्या वेळी त्यांना काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर उभी होते. तपासणाऱ्या बाई एकामागून एक आवाज सोडत होत्या. खालच्या सुरांना बाबांचा अंगठा लगेच हलायचा. सूर चढत गेले तसा तो हलायचा थांबला. कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून, ते ऐकण्याचा प्रयत्न करत होते. परीक्षेत आठवेनासं झालेल्या विद्यार्थ्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ते बघणं मला जड गेलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वरचे सूर गेलेत ते परत येणार नाहीत, मोठ्या आवाजात बरीच वर्षं काम केल्यानं असं होतं. कारखान्यात कानात घालायचे बोळे मिळत, पण ते घातले तर शेजारच्यानं दिलेली हाक ऐकू येत नाही, म्हणून बाबा ते खिशात ठेवायचे. हे त्यांनी डॉक्टरांना फारशी खंत न करता सांगितलं.

कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यांना ताटात पडलेल्या चमच्याचा आवाज सहन झाला नाही. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायचे. पण आठवड्याभरात ते आईशी, ती पाठमोरी असतानाही, बोलायला लागले. एकदा आईनं ओट्यापाशी उभं राहून काहीतरी पुटपुटलं आणि ते हॉलमधून म्हणाले, "ऐकलं मी ते." आई किती दिवसांनी हसली. फोन उचलायला लागले. मीटिंगला जाऊन पाण्याच्या टँकरवरून भांडणही करून आले.

गाण्याचं मात्र जमलं नाही. त्या काळातली ती यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी केलेली होती. गाणं त्यांच्यातून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं यायचं. बाबांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि कॅसेट लावणं बंद केलं. संध्याकाळी आमच्या घरात शांतता असायला लागली. माझ्या आठवणीत तशी संध्याकाळ त्याआधी कधी नव्हती.

मी पुन्हा त्या दुकानात गेले, एकटीच. मालकांनी मला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी तो साधा प्लेअर खाली काढला.

"हा घ्या. सीडीवर जे आहे ते दोन्ही प्लेअर वाचतात. महाग यंत्रात त्याचा आवाज करण्याचं पुढचं काम जास्त निगुतीनं केलेलं असतं, घडण टिकाऊ असते, पण तो फरक शेवटच्या चिमटीभर मिठाचा आहे. तुमच्या वडिलांना आधी जेवण मिळू द्या. उरलेले पैसे या हेडफोनवर आणि या छोट्या ॲम्प्लिफायरवर खर्च करा. याला वरचे सूर वाढवायचं बटण आहे. यंत्र कानातून काढायचं, हेडफोन घालायचा, आणि ते थांबा म्हणेपर्यंत बटण फिरवायचं. दुसऱ्या कुणाच्या कानांना मात्र तो देऊ नका."

तसं केलं. हेडफोन घालून बाबा खुर्चीत बसले, मी बटण फिरवत गेले. एका जागी त्यांनी हात वर केला. सगळं परत आलं नव्हतंच, पण काहीतरी आलं होतं. मग त्यांनी स्वतःच एक शोध लावला. खालच्या सुरांतलं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं, तेव्हा त्यांनी तसंच संगीत मागायला सुरुवात केली. रुद्रवीणा, पखवाज, संथ, खर्जातलं गाणं. आयुष्यभर ज्यांनी तानांवर मान डोलावली होती ते आता एकेका स्वरावर रेंगाळणारं वादन ऐकू लागले. मला ते तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. मी म्हणायचे, बाबा, यात काही घडतच नाही. ते म्हणायचे, "घडते. पण सावकाश."

कामावरून येताना मी त्यांच्यासाठी सीडी आणायचे. हे सगळं त्यांना आठवायचं नव्हतं, ऐकायचं होतं. त्यांचं हे नवीन ऐकणं काही वर्षं चाललं. मग कान आणखी उतरले. बटण शेवटपर्यंत फिरवूनही ते हात वर करेनात. एके दिवशी त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, पिशवीत घातली आणि कपाटात ठेवून दिली. कुणाला काही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भरपूर झालं." त्यात राग नव्हता. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचं हृदय दमलं आणि एका पावसाळ्यात ते गेले.

दिवस झाल्यावर पाहुणे गेले. मी आठवडाभर रजा काढून घरी होते. एका दुपारी बाहेरून आले तर हॉलमध्ये गाणं लागलेलं. इतक्या हळू की दारात मला आधी कळलंच नाही. आई साध्या प्लेअरला छोटे स्पीकर जोडून बसली होती. एक बाई ठुमरी गात होती.

"तुला हे आवडतं?" मी विचारलं.

"आवडतं की."

"मग तू कधी आमच्याबरोबर का बसली नाहीस?"

"एवढ्या मोठ्या आवाजात मला काही ऐकूच यायचं नाही," आई म्हणाली. "डोकं भणभणायचं. म्हणून दार लावून घ्यायचे. आणि मग दाराआडून बरोबर ऐकू यायचं."

एवढी वर्षं मी समजत होते की घरात ऐकणारे आम्ही दोघंच. तिसरी व्यक्ती पोळ्या लाटता लाटता दाराआडून ऐकत होती, आणि आमच्या घरातले सगळ्यात चांगले कान तिचे होते.

पुढं माझा तो सहकारी कायमचा परदेशी जायला निघाला. सीडीचे दिवस तेव्हा संपत आले होते. लोक गाणी फोनवर ऐकत होते. त्याचा महागडा प्लेअर तो बरोबर नेऊ शकत नव्हता आणि अनोळखी माणसाला द्यायला त्याचं मन होत नव्हतं. त्यानं तो मला दिला. मी घरी आणून जोडला आणि आईला काहीच न सांगता तिची नेहमीची ठुमरी लावली.

ती भाजी निवडत होती. थोड्या वेळानं तिचे हात थांबले.

"हे निराळं आहे का काही?"

"काय निराळं?"

"ही ओळ सुरू करायच्या आधी जराशी थांबते. श्वास घेते. ते आधी एवढं कळत नव्हतं." मग तिनं पुन्हा कान दिला. "तसा फरक काही नाही. गाणं तेच आहे. पण ती बाई जरा जवळ येऊन बसल्यासारखी वाटते."

मला अजून कधीतरी कुणी विचारतं, महागाचा घ्यावा का साधा. मी त्यांना दुकानाच्या मालकांचंच सांगते, की आधी ऐकून बघा आणि स्वतःचं खरं सांगा. आमच्या घरी ते दोन्ही प्लेअर अजून आहेत. घराजवळच्या महामार्गावर ट्रक सुरू असले की दोन्ही सारखेच वाजतात. आईला ती ठुमरी ऐकवली त्या दिवशीही मध्येच ट्रक सुरू झाले. आई उठली, तिनं हॉलची खिडकी लावून घेतली, भाजीचं ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाली, "उभी काय राहिलीस, बस."